घरात वटवाघूळ शिरलं तर काय करायचं: गोव्यातल्या घरांसाठी, पायरीपायरीने

वटवाघूळ आत्ता खोलीत घिरट्या घालत असेल तर एवढंच वाचा. पंखा बंद करा. आतल्या खोल्यांची दारं ओढून घ्या. बाहेर उघडणाऱ्या खिडक्या सताड उघडा, दिवे मालवा आणि स्वतः खोलीबाहेर व्हा. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ते आपलं आपण निघून जातं. त्याच्यामागे केरसुणी घेऊन धावायची गरज नसते.

पुढचा मजकूर ते गेलं नाही तर काय करायचं, कुणाला चावलं तर काय करायचं, आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर वाट कशी बंद करायची, यासाठी आहे.

गोव्यात हा प्रसंग कुठल्याही घरात येऊ शकतो. कुळागराला (माड-पोफळीच्या बागेला) लागून असलेली घरं, मंगळुरी कौलांचे जुने वाडे, वर्षातून दोनदाच उघडणारी बंद घरं, आणि पणजी-मडगावचे पाचव्या मजल्यावरचे फ्लॅटसुद्धा. दिव्याभोवती जमलेल्या किड्यांमागे लहान वटवाघूळ आत येतं. फळं खाणारं वासावर येतं: ओसरीत पिकायला टांगलेला केळ्यांचा घड, टोपलीतले चिकू, चतुर्थीच्या दिवसांत गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी. चतुर्थीत दारंही रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, त्यामुळे त्या दिवसांत थोडं जास्त लक्ष ठेवावं.

## आधी हाताशी काय ठेवायचं

यातलं काही विकत आणावं लागत नाही, पण रात्री अकरा वाजता शोधाशोध नको म्हणून यादी देत आहे.

- जाड चामड्याचे किंवा बागकामाचे हातमोजे. नसतील तर जाड टर्किश टॉवेलची चौपदरी घडी. पातळ रबरी हातमोज्यांतून दात आरपार जातात.
- बुटांचा खोका किंवा दोन-तीन लिटरचा प्लास्टिकचा डबा.
- डब्याच्या तोंडापेक्षा मोठा जाड पुठ्ठा. जुन्या कॅलेंडरची मागची पाठ चालते.
- सुती फडका. टॉवेलचे निघालेले धागे नखांत अडकतात, म्हणून डब्यात घालायला टॉवेलचं कापड नको.
- टॉर्च, चिकटपट्टी, बाटलीचं झाकण.
- साबण आणि वाहतं पाणी. कुणाला चावलं तर सगळ्यांत आधी हेच लागतं.

वनखात्याच्या तुमच्या भागातल्या रेंज ऑफिसचा नंबर आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा. वनखात्याचा माणूस लगेच पोचू शकत नसेल तर अग्निशामक दलाला १०१ वर फोन करता येतो.

फोनवर सांगताना एक काळजी घ्या. आपल्याकडे लहान वटवाघळाला ‘पाकोळी’ म्हणतात आणि कौलाखाली घरटं करणाऱ्या पक्ष्यालाही ‘पाकोळी’च म्हणतात. स्पष्ट ‘वटवाघूळ’ किंवा ‘वाघूळ’ म्हणा, म्हणजे येणारा माणूस योग्य तयारीने येईल.

## १. पंखा बंद, मग बाकी सगळं

घरात शिरलेल्या वटवाघळाला सगळ्यांत मोठा धोका छताच्या पंख्याचा असतो. बटण बंद केल्यावरही पाती अर्धा मिनिट तरी फिरत राहतात, म्हणून ओरडायच्या आधी हात बटणाकडे जायला हवा. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याची लांबलेली बोटं आणि त्यांवर ताणलेली पातळ कातडी. काडेपेटीतल्या काडीहून बारीक असलेली ती हाडं पात्याच्या एका फटक्यात मोडतात आणि मोडलेला पंख क्वचितच पूर्ववत होतो. टेबलफॅन आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनही बंद करा.

मग मुलं, मांजर, कुत्रा यांना दुसऱ्या खोलीत घालून दार लावा. मांजर तर पहिल्यांदा. वटवाघळाला मांजराने पकडलं आणि वरून जखम दिसली नाही, तरी आतला मार आणि दातांतून गेलेला जंतुसंसर्ग त्याला दोन-तीन दिवसांत मारतो.

देवापुढचा दिवा, समई, मेणबत्ती, डास पळवायची कॉइल विझवा. उघड्या ज्योतीचा धोका त्याला आहे आणि तुमच्या पडद्यांनाही.

## २. ते अंगावर येत नाही, वळायला जागा शोधतं

खोली लहान असते आणि वटवाघळाला सतत वळावं लागतं. भिंतीजवळ वळताना ते वर चढतं, तिथे वेग कमी होतो, आणि वेग परत मिळवण्यासाठी खोलीच्या मध्यावर खाली झेपावतं. त्या झेपेच्या वाटेत तुम्ही उभे असाल तर ते डोक्यावर आल्यासारखं वाटतं. भिंतीला पाठ लावून उभे राहा. झेप तुमच्यापर्यंत येणारच नाही. केसांत अडकतं ही भीतीही सोडून द्या. रक्त पिणारी वटवाघळं मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतच आहेत, गोव्यात नाहीत.

तेवढ्यात कोण आलंय ते बघून घ्या, कारण पुढचं थोडं त्यावर ठरतं.

लहान, कीटक खाणारं. अंगठ्याएवढं शरीर, वजन पाच-सात ग्रॅम, डोळे मोहरीएवढे, उडणं फुलपाखरासारखं फडफडतं. घरात येणारं बहुधा हेच. ते आवाजाचे पडसाद ऐकून वाट काढतं, म्हणून अंधाराची त्याला अडचण नाही.

मध्यम, फळं खाणारं. मुठीएवढं शरीर, वजन तीस ते पन्नास ग्रॅम, पंख पसरल्यावर साधारण दीड फूट. तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, डोळे मोठे आणि चमकदार, कानांना पांढरी किनार, पंखाच्या बोटांवर पांढुरक्या रेषा. हे डोळ्यांनी आणि नाकाने चालतं. तोंडावर टॉर्च मारला की बिचकून भिंतीवर आपटतं.

मोठ्या कानांचं, करडं. बंद पडलेल्या जुन्या घरांत राहतं. कान कपाळावर एकमेकांना जोडलेले दिसतात. पाली, बेडूक, उंदराची पिल्लं, मोठे किडे खातं. त्याच्या बसायच्या जागेखाली नाकतोड्यांचे पंख आणि बेडकाचे पाय पडलेले सापडतात, आणि घर उघडणारा माणूस उगाच करणी-बिरणीच्या शंकेने हादरतो.

वडा-पिंपळावर शेकड्याने लटकणारं मोठं वटवाघूळ, ज्याचे पंख मीटरभराहून जास्त पसरतात, ते घरात जवळजवळ कधीच येत नाही. ते अंगणात किंवा तारेला अडकलेलं दिसलं तर स्वतः हात लावू नका. त्याचा चावा खोल जातो. थेट वनखात्याला कळवा. विजेच्या तारेवर असेल तर वीजखात्याला आधी.

## ३. एकच वाट मोकळी ठेवा, पण पूर्ण मोकळी

इथे बहुतेकांची चूक होते. खिडकी उघडतात, पण मच्छरजाळी तशीच राहते. किंवा स्लायडिंग खिडकीचा अर्धाच भाग उघडतात आणि समोर पडदा लोंबत असतो. वटवाघूळ त्या जाळीवर येऊन आपटतं, थकतं आणि पडद्यामागे जाऊन बसतं.

बाहेर उघडणारी सगळ्यांत मोठी खिडकी किंवा बाल्कनीचं दार निवडा. जाळी सरकवा किंवा काढा. पडदा बाजूला करून गाठ मारा. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या दोन्ही झडपा उघडून पूर्ण मागे टेकवा. खिडकीचा वरचा भाग मोकळा असणं महत्त्वाचं, कारण ते छताजवळून उडतं आणि झरोक्याची काच बंद असेल तर तिथेच धडका मारत राहतं.

घराच्या आत जाणारी दारं मात्र घट्ट बंद. दाराखाली बोटभर फट असेल तर पायपुसणं दाबून ठेवा. बैठकीतलं वटवाघूळ आतल्या खोलीत गेलं की काम दुप्पट होतं.

आता दिवे. खोलीतले सगळे मालवा. बाल्कनीतली ट्यूबही बंद करा, नाहीतर तिच्याभोवती किडे जमतात, वाट उजेडात बुडते आणि वटवाघूळ त्या उजेडातून जायला कचरतं. आत अंधार, बाहेर अंधार, आणि मधे मोकळी चौकट.

पाऊस कोसळत असेल तरी खिडकी उघडी ठेवा. सर ओसरेपर्यंत ते आतच राहील. खिडकीखाली एक जुनी चादर टाका आणि वाट पाहा.

## ४. थांबा, आणि गेल्याचं डोळ्यांनी बघा

खोलीबाहेर थांबून दाराच्या फटीतून बघत राहा. अंधार असला तरी खिडकीच्या चौकटीत आभाळ जरा उजळ दिसतं आणि त्यावर बाहेर जाणारी काळी सावली स्पष्ट कळते. वीस ते तीस मिनिटं द्या.

बाहेर जाताना दिसलं नाही तर ‘गेलं असेल’ असं धरून चालू नका. थकलेलं वटवाघूळ कुठे बसतं ते ठरलेलं असतं: पडद्याच्या वरच्या चुण्या, पेल्मेटची मागची बाजू, भिंतीवरच्या फोटोंच्या मागे, देव्हाऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, एसीच्या मागे, कपाट आणि भिंत यांमधली फट, खुंटीला लटकवलेल्या रेनकोटच्या घडीत. टॉर्चने एकेक जागा बघा. पडद्याच्या चुण्या हाताने चापून पाहू नका. चावे बहुधा याच वेळी होतात.

काय करू नये, तेही इथेच सांगतो. डास मारायची इलेक्ट्रिक रॅकेट, बॅडमिंटनची रॅकेट, हिराची केरसुणी, पाण्याचा फवारा, धुरी, कीटकनाशकाचा स्प्रे: यातलं काहीही वापरू नका. चिकट सापळा तर मुळीच नको. पंखाची कातडी त्यावरून सोलून निघते.

## ५. बसलं असेल तर डब्यात घ्या

एका जागी शांत लटकलं असेल तर हे काम पाच मिनिटांचं आहे. उडतं वटवाघूळ पकडायचा प्रयत्न करू नका.

हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. डब्याचं तोंड त्याच्यावर हळूच धरा आणि भिंतीला टेकवा. मग पुठ्ठा भिंत आणि डबा यांमधून सरकवा, अगदी सावकाश, म्हणजे त्याचे पाय आपोआप पुठ्ठ्यावर येतील. घाईने ढकललात तर पंख कडेत चिमटतो. पुठ्ठा पूर्ण बसला की दोन्ही एकत्र धरून डबा सरळ करा आणि चिकटपट्टी लावा.

पडद्यावर घट्ट धरून बसलं असेल तर ओढू नका. नखं आकड्यासारखी असतात. ओढलं की बोट मोडेल, पण कापड सुटणार नाही. पडदाच रॉडवरून काढा, त्याच्यासकट बाल्कनीत न्या आणि उंचावर टांगून ठेवा. काळोख पडला की ते स्वतः उडेल.

जमिनीवर पडलेलं असेल तर टॉवेलची घडी वरून झाकून, दोन्ही हातांनी सैल ओंजळ करून उचला. पंख मिटलेले राहतील असं धरा, पंखाला धरून उचलू नका. ते तोंड उघडून बारीक किरकिरेल. तो घाबरल्याचा आवाज आहे.

डब्याला आधीच काडीएवढी आठ-दहा भोकं पाडलेली हवीत. भोकं सेंटिमीटरभर मोठी झाली तर लहान जातीचं वटवाघूळ त्यांतून निसटू शकतं. आत सुती फडका चुरगळून ठेवा, म्हणजे त्याला लटकायला आणि लपायला मिळेल. बाटलीच्या झाकणात अगदी थोडं पाणी. दूध देऊ नका, कुठल्याच वटवाघळाला नाही. पचत नाही आणि जुलाबाने ते मरतं.

## ६. सोडायचं संध्याकाळी, उंचावरून

सकाळी सापडलं तर दिवसभर डबा सावलीत, शांत खोलीत, मुंग्यांपासून दूर ठेवा. डब्याला मुंग्या लागल्या तर आतल्या प्राण्याला पळता येत नाही. आपण दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतो तशीच इथेही ठेवा. दिवसाउजेडी सोडू नका. कावळे आणि घारी काही मिनिटांत टिपतात.

सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी डबा बाहेर न्या. बहुतेक वटवाघळांना जमिनीवरून उडणं कठीण जातं. ती आधी खाली सुटतात आणि मग पंख पसरतात. म्हणून डबा छातीपेक्षा उंच, साधारण पाच-सहा फुटांवर हवा: माडाच्या किंवा आंब्याच्या खोडाला टेकवून, गडग्यावर, बाल्कनीच्या कठड्यावर. झाकण काढा, डबा आडवा करून किंचित तिरका ठेवा आणि चार पावलं मागे व्हा.

लगेच उडालं नाही तर काळजी नको. अंग बारीक थरथरताना दिसेल. दिवसभर थंडावलेले स्नायू ते तापवत असतं. दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. हवेत भिरकावू नका. दोन तास झाले तरी उडत नसेल, किंवा उडून लगेच खाली पडत असेल, तर पुन्हा डब्यात घ्या आणि वनखात्याला कळवा.

पंख फाटलेला असेल, हाड बाहेर दिसत असेल, मांजराने पकडलेलं असेल, डोळे खोल गेले असतील, तर संध्याकाळची वाट न पाहता फोन करा. गोव्यातले बरेचसे प्राणी-निवारे कुत्र्या-मांजरांसाठी आहेत. तिथे वटवाघूळ नेण्याआधी विचारून घ्या, नाहीतर तासभर गाडी चालवून परत यावं लागेल.

पिल्लू असेल तर थोडं वेगळं. अंगावर लव नाही, कातडी गुलाबी किंवा राखाडी, डोळे अर्धवट मिटलेले, असं पिल्लू जमिनीवर सापडलं तर त्याची आई बहुधा वरच, वाशांमध्ये आहे. उथळ खोक्यात खडबडीत सुती कापड लावून पिल्लू त्याला लटकेल असं ठेवा. संध्याकाळी खोका त्याच फटीखाली जेवढा उंच बांधता येईल तेवढा बांधा. आई बाहेर पडताना त्याची हाक ऐकून उचलून नेऊ शकते. सकाळपर्यंत कुणी आलं नाही तर वनखातं.

## ७. चावलं, ओरखडलं, किंवा खात्री नाही

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा.

लहान वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चाव्याची खूण टाचणी टोचल्यासारखी दिसते, आणि दुसऱ्या दिवशी दिसतही नाही. रक्त आलं नाही म्हणजे चावा नाही, असं नसतं.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, कॉफीची पूड काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. लाळ डोळ्यांत किंवा तोंडात गेली असेल तर नुसत्या पाण्याने तेवढाच वेळ धुवा.

त्यानंतर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) जा. भीती रेबीजची असते. कुत्र्यांच्या लसीकरणामुळे गोव्यात रेबीज खूपच आटोक्यात आला आणि २०२१ साली राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. पण ते काम कुत्र्यांवर झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी आलेल्या थेट संपर्काला तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर गटात धरते. म्हणून केसपेपर काढताना ‘प्राणी चावला’ एवढंच न सांगता ‘वटवाघूळ’ हा शब्द सांगा आणि लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्हींबद्दल विचारा. निर्णय डॉक्टरांचा. लस सुरू केली तर सगळे डोस तारखेला घ्या. दोन घेऊन सोडून देणारे बरेच असतात.

आणखी तीन प्रसंगांत चावा दिसला नाही तरी डॉक्टरांना विचारा: झोपेतून उठल्यावर खोलीत वटवाघूळ दिसलं, बोलता न येणाऱ्या मुलाच्या खोलीत सापडलं, अंथरुणाला खिळलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाजवळ सापडलं. त्यांना काय झालं ते सांगता येत नाही.

चावलेलं वटवाघूळ डब्यात असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना आणि वनखात्याला विचारा. कुत्र्या-मांजराने त्याला तोंडात धरलं असेल तर पशुवैद्याकडे न्या, त्यांची लस चालू असली तरी.

निपाबद्दलही विचारलं जातं. केरळमध्ये २०१८ साली साथ आल्यापासून लोक प्रत्येक वटवाघळाला घाबरतात. हा विषाणू मुख्यत्वे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांमध्ये असतो. घरातून एक वटवाघूळ उडून गेल्याने तो होत नाही. पथ्य फळांचं पाळा: दात लागलेला चिकू, पेरू, आंबा, जांब ‘तेवढा भाग कापून’ खाऊ नका, पूर्ण टाका. खाली पडलेलं काजूचं बोंड उचलून तसंच तोंडात घालू नका. उघड्या भांड्यात साठलेली ताजी सूर (माडी) न उकळता पिऊ नका.

## ८. साफसफाई

एक-दोन लेंड्या असतील तर ओल्या कागदाने उचला, साबणाच्या पाण्याने पुसा, हात धुवा. झालं.

माळ्यावर किंवा बंद घरात थर साठला असेल तर कोरडी केरसुणी फिरवू नका. वाळलेल्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीची धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते आणि ताप-खोकल्याचा चिवट आजार होऊ शकतो. आधी दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, असं मिश्रण फवारून थर चिंब भिजवा, दहा मिनिटं थांबा, आणि सुपलीने पिशवीत भरा. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा ॲसिड मिसळू नका. व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, तो धूळ परत खोलीत फेकतो.

लेंडी नक्की कुणाची ते ओळखायची सोपी खूण आहे. हातमोज्यातल्या बोटांत चुरडा. वटवाघळाची लगेच भुगा होते आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसतात. उंदराची कडक राहते. पालीच्या लेंडीला टोकाला पांढरा ठिपका असतो.

## ९. वाट शोधा, मग बंद करा

एकदाच आलं असेल तर उघड्या खिडकीतून आलं, विषय संपला. महिन्यात दोन-तीनदा आलं तर घरातच कुठेतरी मुक्काम आहे.

सूर्यास्ताच्या आधी वीस मिनिटं अंगणात खुर्ची टाकून बसा, एक माणूस घराच्या प्रत्येक बाजूला. तासभर बसलात तर कुठून बाहेर पडतात ते दिसेलच. फट कल्पनेपेक्षा लहान असते. दीड सेंटिमीटर पुरते. फटीच्या कडेला तेलकट काळपट डाग आणि खाली भिंतीवर लेंड्यांची ओळ, ही पक्की खूण. कौलारू घरात बघायच्या जागा: आढ्याच्या कौलाखालची पोकळी, सरकलेली कौलं, वासा भिंतीवर टेकतो तिथली फट, छपराच्या कडेच्या फळीमागची जागा. फ्लॅटमध्ये: एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्ट फॅनची चौकट, फॉल्स सीलिंग आणि भिंत यांमधली रेघ, खिडकीवरच्या छज्जाची भेग.

आता सगळ्यांत मोठी चूक. फट दिसली की लोक दुपारी सिमेंट लिंपतात. आत तेव्हा सगळी झोपलेली असतात. ती आतच मरतात, आठवडाभर घर सडतं, आणि जगलेली वाट शोधत तुमच्या खोल्यांमध्ये उतरतात.

योग्य रीत अशी. मच्छरजाळीसारखी बारीक छिद्रांची प्लास्टिकची जाळी घ्या. फटीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला खिळ्यांनी किंवा चिकटपट्टीने पक्की करा, खालची बाजू मोकळी सोडा. जाळी फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबली पाहिजे, आणि फटीसमोर थोडी फुगीर राहिली पाहिजे. बाहेर पडणारी वटवाघळं जाळीतून खाली घसरून उडून जातात. परत येताना थेट फटीवर उतरतात आणि तिथे जाळी लागते. सात रात्री ठेवा. आठव्या संध्याकाळी पुन्हा बसून बघा. एकही बाहेर पडलं नाही तरच फट बुजवा: भेगेला सिमेंट किंवा सीलंट, मोठ्या पोकळीला सहा मिलिमीटरची लोखंडी जाळी. हवा खेळायच्या जागा जाळीनेच बंद करा, नाहीतर पावसात वासे कुजतील.

मोसम पाळा. बऱ्याच जाती पावसाच्या तोंडाला वितात आणि पिल्लं उडायला महिना-दीड महिना लागतो. ऑक्टोबरनंतर, थंडीत हे काम करा. तरीही जाळी लावण्याआधी, मोठी बाहेर पडल्यावर माळ्यावर कान द्या. बारीक चिकचिक ऐकू आली तर पिल्लं आहेत. महिनाभर थांबा.

डांबरगोळ्या, फिनाईल आणि ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रं यांवर पैसे घालू नका. डांबरगोळ्यांचा वास तुमच्याच डोक्यात जातो, वटवाघळं दोन वासे पलीकडे सरकतात.

कुणी पेस्ट कंट्रोलवाला ‘मारून टाकतो, कायद्याने चालतं’ म्हणाला तर त्याची माहिती जुनी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पूर्वी उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

## १०. बाल्कांवात रोज सकाळी घाण पडते, पण वटवाघूळ दिसत नाही

ही तक्रार घरात शिरण्यापेक्षाही जास्त ऐकू येते. सकाळी बाल्कांवातल्या (दारापुढच्या छपरी ओट्यावरच्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बैठकीवर, चघळून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या, अशोकाच्या बिया, बदामाच्या झाडाची अर्धी खाल्लेली फळं, आणि भिंतीवर पिवळट-तपकिरी ओघळ. दिवसा वर पाहावं तर कुणीच नाही.

तिथे कुणी राहत नाही. फळं खाणारं मध्यम वटवाघूळ सहसा फळाच्या झाडावरच बसून खात नाही. फळ तोडतं आणि निवाऱ्याच्या जागी नेऊन, लटकून खातं. तुमचा बाल्कांव त्याचं जेवायचं पान आहे, बिछाना नव्हे. म्हणून इथे जाळी लावून फट बुजवण्याचा काही उपयोग नाही.

लटकायला जिथे पकड मिळते ती जागा शोधा. डागाच्या बरोबर वर बघा: पंख्याचा हूक, वायरीची पट्टी, वाशाची खडबडीत कड, लटकवलेली कुंडी. ती कड गुळगुळीत ऑइल पेंटने रंगवा किंवा तिथे प्लास्टिकची घोटीव पट्टी ठोका. आठवडाभर त्या जागेवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. चमकत्या कागदाच्या पट्ट्या वाऱ्यावर हलतील अशा टांगल्या तरी फरक पडतो, पण पंधरा दिवसांनी त्यांची सवय होते, तेव्हा जागा बदला. फळांचे डाग वाळण्याआधी धुतले तर सोडा आणि कोमट पाण्याने निघतात. चुन्याच्या भिंतीत मुरले की पुढच्या रंगकामापर्यंत राहतात.

फळांचा मोसम महिना-दीड महिन्यात संपतो आणि बहुतेक ठिकाणी येणं आपोआप थांबतं. तोवर चालणार असेल तर त्या जागेखाली रोज रात्री एक जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी गुंडाळून माडाच्या आळ्यात टाका.